चहाचा कप ठेवायचा कुठे? दिवाणखान्यातल्या छोट्या टेबलाचा इतिहास

(वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत. व्याख्यानानंतरचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "सर, इतिहासाच्या व्याख्यानमालेत टीपॉय? मागच्या महिन्यात पानिपत झालं, आता एकदम फर्निचर?" त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून हा विषय कुठून आला ते आधी सांगतो.

माझ्या भाचीने नवीन फ्लॅट घेतला. सोफा आला, पडदे लागले. मग एके रात्री तिने मला पाच फोटो पाठवले. पाचही छोटी टेबलं. कुणाखाली लिहिलं होतं 'अँटिक', कुणाखाली 'व्हिंटेज', एकाखाली तर 'ब्रिटिशकालीन, दुर्मिळ'. खाली तिचा निरोप: "मामा, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना जुने टीपॉय ठेवायचेत. तू इतिहासाचा माणूस आहेस. यातला खरा कुठला आणि घेऊ कुठला?"

मला वाटलं, दोन ओळीत उत्तर देऊ. बसलो लिहायला, तर दोन ओळींत बसेना. कारण टेबल जुनं आहे की नाही हे ओळखायचं तर ते आपल्या घरात आलं कसं, कधी, कशासाठी, हे आधी माहीत हवं. तर आजचं व्याख्यान म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे असं समजा.

शब्दाचे पाय

आधी शब्द बघू. टीपॉय. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, यातला 'टी' म्हणजे चहा. चहा ठेवायचं टेबल म्हणून टीपॉय. तसं नाही. मूळ शब्द तिपाई. तीन पायांची ती तिपाई. त्यालाही मागे फारसीतला 'सिपाई' आहे, तिथेही अर्थ तीन पायांचाच. आपल्याकडचा शब्द तिवई. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची लोखंडी तिवई तुम्ही पाहिली असेल, तीच.

इंग्रज इथे आले, त्यांनी तिपाई ऐकली आणि आपल्या उच्चारात 'टीपॉय' केली. शब्द जहाजात बसून इंग्लंडला गेला. तिथे लोकांनी त्यात चहा ऐकला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे चहाची पूड ठेवायची एक झाकणाची पेटी निघाली, एका खांबावर उभी, आणि तिला नाव पडलं टीपॉय. म्हणजे गैरसमजातून एक नवं फर्निचरच तयार झालं. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश काढला, भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा. त्यात त्यांनी हा गैरसमज नोंदवून ठेवला आहे, की या शब्दाचा चहाशी संबंध नाही.

आणि मग तोच शब्द इंग्रजी कपडे घालून आपल्याकडे परत आला. आज आपण चार पायांच्या टेबलालाही टीपॉय म्हणतो, एका पायाच्यालाही म्हणतो. तिपाईचे तीन पाय कुणाला आठवत नाहीत.

आधी खुर्ची, मग टेबल

आता मुख्य प्रश्न. हे टेबल आपल्या घरात आधी का नव्हतं?

कारण आपण जमिनीवर बसत होतो. जेवायला पाट, पूजेला चौरंग, बैठकीला गादी, लोड, तक्क्या. कारकुनाचं लिहायचं डेस्कसुद्धा उतरतं आणि बुटकं, मांडी घालून बसल्यावर हाताला येईल असं. पानाचा डबा, तांब्या, पिकदाणी सगळं जमिनीवर, हाताच्या अंतरावर. माणूस जमिनीवर बसला की जमीन हेच त्याचं टेबल.

थॉमस डॅनियलचं एक प्रसिद्ध चित्र आहे. १७९० साली पुण्याच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि सवाई माधवराव पेशवे यांच्यात तह झाला, त्या प्रसंगाचं. चित्र नंतरचं, १८०५ सालचं. ते इंटरनेटवर सहज मिळतं, घरी गेल्यावर बघा. त्यात दरबाराची बैठक जमिनीवरची आहे. पाहुण्यांनी यजमानाच्या उंचीवर यायचं, ही त्या दरबाराची रीत.

पुढच्या शंभर वर्षांत हे उलटलं. १८१८ला पेशवाई गेली. कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, कोर्टं आली, आणि या सगळ्या ठिकाणी खुर्ची होती. खुर्ची हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून आलेला, आपल्याकडे तो आधीही होताच. पण खुर्ची सर्वसामान्य कारकुनाच्या रोजच्या आयुष्यात आली ती या काळात. दिवसभर कचेरीत खुर्चीवर बसणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन जमिनीवर बसायचा. मग हळूहळू बाहेरच्या खोलीत एक खुर्ची आली. साहेब आला, मामलेदार आला तर बसायला. आतमध्ये, माजघरात, पाटच राहिला.

गोव्यात ही गोष्ट बरीच आधी झाली. पोर्तुगीजांच्या संगतीने तिथल्या मोठ्या घरांत 'साल' नावाची दिवाणखान्याची खोली आली, तिच्यात खुर्च्या, कोच, छोटी-मोठी टेबलं. चांदोरचं मेनेझेस ब्रागांझांचं घर बघितलंत तर हे लगेच कळेल. आपल्याकडे मात्र खुर्चीने बाहेरची खोली धरायला पुष्कळ वेळ घेतला.

आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हात जमिनीला पोचत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. छोट्या टेबलाची गरज तिथून सुरू होते.

ही उंची लक्षात ठेवा. नंतर टेबल निवडताना हीच आपल्याला कामाला येणार आहे.

पंचहौदचा चहा

आता चहा. टेबलाच्या नावात चहा नव्हता, पण टेबलावर तो लवकरच आला. आणि आपल्या पुण्यात तो काही सुखासुखी आला नाही.

१४ ऑक्टोबर १८९०. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान होतं. गावातली मोठी मंडळी हजर होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटं दिली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात घेतला आणि बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य झालं. टिळकांना आणि रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादातून जावं लागलं.

आज आपल्याला हसू येतं. पण कप नुसता बाजूला ठेवणाऱ्या त्या माणसांचा विचार करा. यजमानाचा मान राखायचा आहे आणि जातीत घरीही परतायचं आहे. कप घेतला तर एक बाजू दुखावते, नाही घेतला तर दुसरी. अशा वेळी कप ठेवायला जागा लागते.

चहा सगळीकडे पसरायला अजून बराच काळ गेला. १९०३ साली चहावर उपकर बसला, त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. आधी लक्ष परदेशी बाजाराकडे होतं. १९३०च्या मंदीत बाहेरची मागणी घटली, तसा देशातल्या प्रचाराला जोर आला. रेल्वे स्टेशनं, बाजार, गिरण्या, सगळीकडे चहा. त्यानंतर 'चहा घेणार ना?' हा प्रश्न मराठी घरातलं स्वागत झाला.

इथे एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या वाड्यात आजीचा एक टीपॉय होता. शिसवी, गोल, तीन पायांचा. त्यावर क्रोशाचा रुमाल. बाहेरच्या खोलीत कुणी आलं की चहा त्यावर यायचा. आणि वाड्याच्या ओट्याजवळच्या कोनाड्यात एक कानतुटका कप पालथा घातलेला असायचा. तो वखारीतून लाकडं घेऊन येणाऱ्या काकांचा. त्यांना चहा मिळायचा, आजी कधी विसरायची नाही. पण तो ओट्याच्या पायरीवर मिळायचा. कप हातात नाही द्यायचा, पायरीवर ठेवायचा, त्यांनी उचलायचा, पिऊन झाल्यावर त्यांनीच धुऊन पालथा घालायचा. त्यांचा कप त्या टीपॉयवर कधी आला नाही. मी लहान होतो, मला त्यात काही खटकलंही नाही. हे मी आजीला नावं ठेवायला सांगत नाही. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी असा कोनाडा असणार. 'जुनं ते सोनं' म्हणत आपण जेव्हा जुनं टेबल घरी आणतो, तेव्हा त्याच्यावर कुणाचे कप आले आणि कुणाचे आले नाहीत, हेही त्याच्याबरोबर येतं. इतिहास म्हणून ते माहीत असावं.

लाकूड कुठून आलं?

आता जरा लाकडाकडे येऊ. आपल्याकडच्या जुन्या टेबलांत मुख्यत: दोन लाकडं भेटतात.

पहिलं शिसव. काळसर, जांभळट झाक, जड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबईत या लाकडाचं दाट कोरीवकामाचं फर्निचर होऊ लागलं. द्राक्षांचे वेल, पानं, पक्षी, सिंहाचे पंजे, एक इंच जागा मोकळी नाही. इंग्रजीत त्याला 'बॉम्बे ब्लॅकवुड' असंच नाव पडलं. गिऱ्हाईक साहेब आणि श्रीमंत पारशी, शेटिये. इथे एक घोटाळा टाळा. शिसव वेगळं आणि उत्तरेतलं शिसम वेगळं. जवळचे भाऊ आहेत, पण शिसम तपकिरी, पिवळसर पट्ट्यांचं. दुकानदार दोघांनाही 'रोजवुड' म्हणतो.

दुसरं सागवान. आपल्याकडचंही असतं, पण जुन्या मुंबईत ज्याचा दिमाख सांगतात ते बर्मा टीक. त्यामागे एक युद्ध आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली कंपनी ब्रह्मदेशातून साग आणत होती. तिने ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला, असा आरोप ठेवून तिथल्या दरबाराने मोठा दंड ठोठावला. ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली मंडालेवर स्वारी केली. राजा थिबा पकडला गेला. त्याला आणून ठेवलं कुठे? आपल्या रत्नागिरीला. तीस वर्षं तो तिथे होता, १९१६ साली तिथेच वारला. थिबा पॅलेस आपण सहलीला जाऊन बघतो. पण गिरगावातल्या एखाद्या घरातला सागवानी टीपॉय आणि रत्नागिरीतला तो राजवाडा यांना जोडणारा धागा लाकडाचा आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

फ्लॅट येतो, चाळ राहते

कोरीव टीपॉय ऐसपैस बंगल्यातला. १९३०च्या दशकात मुंबईत सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. मरीन ड्राइव्ह, ओव्हल, पुढे माटुंगा, शिवाजी पार्क. आज ज्याला आर्ट डेको म्हणतात ते. नवीन फ्लॅट, आटोपशीर खोल्या. १९३७च्या नोव्हेंबरमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरवलं. आधुनिक घर कसं असावं, स्वयंपाकघर कसं, बैठकीची खोली कशी, हे लोकांना दाखवलं.

या घरांतलं टेबल बघा. कोरीवकाम गेलं. गोलसर कोपरे, पायऱ्यापायऱ्यांची कड, एकाआड एक फिकट-गडद लाकडाचा पातळ थर, वर काच. धूळ पुसायला सोपं. एकात एक सरकणारी तीन-चार टेबलंही असायची. ती कल्पना जुनी, इंग्लंडमध्ये शेरेटनने १८०३च्या आपल्या कोशात तिचं वर्णन केलं आहे. पण मुंबईच्या खोलीला ती फार मानवली. पाहुणे आले की बाहेर काढा, गेले की आत सरकवा.

आणि सोफ्याच्या दोन टोकांना दोन सारखी टेबलं, ही पद्धतही सोफासेटाच्या बरोबरची, म्हणजे विसाव्या शतकातली. हे भाचीसाठी मुद्दाम सांगतो. 'ब्रिटिशकालीन कोरीव जोडी, सोफ्याच्या दोन्ही बाजूंसाठी' असं कुणी विकत असेल तर जरा थांबावं. जुना टीपॉय बहुधा एकटाच असायचा.

चाळीत मात्र यातलं काही नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत टीपॉय ठेवणार कुठे? तिथे ट्रंकेवर धुतलेली चादर घातली की ते टेबल. शिवणयंत्राचं झाकण बंद केलं की ते टेबल. आज हॉटेलांत शिवणयंत्राचे लोखंडी पाय काढून त्यावर फळी बसवतात आणि भारी दिसतं म्हणून फोटो काढतात. आमच्या शेजारच्या काकूंनी ते पन्नास वर्षांपूर्वी केलं होतं, फक्त मशीन तिथेच ठेवून.

पुढे प्लायवूड आलं, सनमायका आला, गरम कपाचा डाग पडायची भीती गेली. गुजरातमधल्या संखेड्याचे लाखेच्या रंगाचे सोफे आणि टीपॉय आले. साठ-सत्तर वर्षांच्या हिशेबाने आता यातल्याही काही वस्तू जुन्या झाल्या आहेत. 'व्हिंटेज' म्हणजे फक्त साहेबाच्या काळातलं, असं काही नाही.

आता निवडायचं कसं?

तर भाचीला काय सांगितलं? चार गोष्टी. फूटपट्टी, टॉर्च आणि कापसाचा बोळा एवढं सामान बरोबर घ्या.

पहिली, उंची. तुमच्या सोफ्याच्या हाताची उंची मोजा. टेबलाचा वरचा भाग त्या उंचीला किंवा एखाद-दोन इंच खाली हवा. जुन्या खुर्च्या ताठ आणि उंच, म्हणून जुने टीपॉयही पुष्कळदा उंच असतात. आजचे सोफे बुटके आणि खोल. अडीच फुटांचा सुंदर टीपॉय बुटक्या सोफ्याशेजारी ठेवलात तर कप घ्यायला हात खांद्याएवढा उचलावा लागेल. आवडलंच तर त्याच्यावर दिवा ठेवा, चहा नको. आणि घरात लांब हातांची जुनी आरामखुर्ची असेल तर तिच्याशेजारी टेबल लागतच नाही. तिचे हात हेच टेबल.

एक विनंती. उंची जमत नाही म्हणून जुन्या टेबलाचे पाय कापू नका. कापलेला पाय परत वाढत नाही.

दुसरी, टेबल उलटं करा. वरून सगळीच टेबलं छान दिसतात. खरं कळतं ते खालून. जुन्या कामात खालचा भाग नुसता रंधलेला असतो. हात फिरवला तर हलकी उंचसखल लागते. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून सांधा केलेला असतो, सरस लावलेला असतो. ड्रॉवर असेल तर कोपरा बघा, पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले असतील. हाताने केलेले असतील तर सगळे अगदी सारखे नसतात. स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचा. तो दिसला तर एकतर टेबल नंतरचं, नाहीतर दुरुस्ती नंतरची. दुरुस्ती असणं वाईट नाही. विचारावं, काय केलंय, कधी केलंय.

आणि गोल टेबल असेल तर फूटपट्टी काढा. लाकूड वर्षानुवर्षं आक्रसतं ते रेषांच्या आडवं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून अखंड लाकडाचं शंभर वर्षांचं गोल टेबल पूर्ण गोल राहत नाही. दोन दिशांनी मोजा. काही मिलिमीटर फरक आला तर आनंद माना.

तिसरी, पॉलिश. जुनं पॉलिश लाखेचं, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाने थरावर थर दिलेलं. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या ज्या लाखेच्या, तीच लाख. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर लाख. नव्या पॉलिशला काही होत नाही. अर्थात दुकानदाराला विचारून हं. लाखेला गरम कप आणि पाणी सोसत नाही, पांढरी कडी उठते. आजीच्या टेबलावर क्रोशाचा रुमाल का असायचा, त्याचं एक कारण हे. नुसती हौस नव्हती ती. लाखेचं टेबल घेतलंत तर रुमालही घ्या. आणि वरचं पॉलिश मशीनने खरवडून चकाचक करू नका. त्यातला रंग यायला शंभर वर्षं लागलेली असतात.

चौथी, कीड. बारीक भोकं दिसली तर टेबल पांढऱ्या कागदावर ठेवून हलकेच ठोका. ताजा भुसा पडला तर आत भुंगेरा जिवंत आहे. घरातल्या इतर लाकडाला तो जाईल. उपाय करून घेतल्याशिवाय आणू नका.

आणि शेवटी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हे कुठल्या घरातून आलं? मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार, जोगेश्वरीचं ओशिवरा, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. कुठेही जा. चांगला विक्रेता काहीतरी सांगतो. अमुक भागातला वाडा पडला, तमुक पारशी आजींचं घर आवरलं. जो नुसतं 'अँटिक आहे साहेब' म्हणतो, त्याला पुन्हा एकदा विचारा.

हा प्रश्न विचारायला मी उशिरा शिकलो. आमचा वाडा १९९०च्या सुमाराला पाडायला घेतला. सामान आवरायला दोन दिवस होते. नव्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. आजीचा टीपॉय, दोन पाट, एक पेटी, सगळं एका लॉटमध्ये भंगारवाल्याला दिलं. पैसे किती आले ते सांगत नाही, लाज वाटते. पंधरा वर्षांनी तो टीपॉय फार आठवायला लागला. मग एका दुकानातून तसाच दिसणारा नऊ हजारांना आणला. गोल, तीन पाय, काळपट. घरी आणून चार दिवसांनी ओल्या फडक्याने पुसला तर फडकं तपकिरी झालं. उलटा केला. आत पांढरट नवं लाकूड आणि फुलीचे स्क्रू. एका सुताराने बघितलं आणि हसला. म्हणाला, "काका, चहाचं पाणी मारलंय याला. जुनं दिसायला मारतात." म्हणजे टीपॉयमध्ये चहा नसतो म्हणून मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो, आणि माझ्याच टीपॉयमध्ये तो निघाला.

अजून आहे तो घरी. चार पैशांचा आहे, पण चहा त्याच्यावरच होतो. गॅस दुरुस्तीला आलेला मुलगा असो, कुरिअरवाला असो, बसला तर त्याचा कपही तिथेच. एवढं एक आजीच्या टीपॉयपेक्षा त्याचं बरं आहे.

भाचीला शेवटी पाच फोटोंपैकी एकही घे म्हणालो नाही. म्हणालो, आधी तुझ्या सासरच्या माळ्यावर चढ. परवा तिचा फोन आला. माळ्यावर एकात एक सरकणाऱ्या टेबलांपैकी दोन सापडली, वरची काच फुटलेली. उंची सोफ्याला जमते. काच नवीन बसवून घेतेय. पुनर्विकासाच्या या दिवसांत रोज कुठलं तरी घर आवरलं जातंय. टेम्पो बोलावण्याआधी एकदा माळा बघा, एवढंच मला सांगायचं होतं.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: अँटिक आणि व्हिंटेज यात कायद्याने फरक आहे का?*

'व्हिंटेज' हा बाजाराचा शब्द. कायदा १९७२चा, पुरावस्तूंचा. त्यात साधारणपणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, कलेची वा इतिहासाची वस्तू ती पुरावस्तू. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्यापैकी कुणी अमेरिकेतल्या मुलाकडे पणजीचा टीपॉय पाठवायच्या विचारात असाल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. शिसवाला आणखी एक नियम आहे. २०१७पासून त्या जातीच्या झाडांच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

*प्रश्न: गुंतवणूक म्हणून घ्यावं का?*

मी तरी म्हणेन, बसायला आणि चहा ठेवायला घ्या. चंदीगडचं उदाहरण बघा. १९५०च्या दशकापासून पिअर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी साध्या सागवानी खुर्च्या-टेबलं आखली. ती जुनी झाल्यावर भंगार म्हणून लिलावात गेली, आणि पुढे परदेशात लाखोंना विकली जाऊ लागली. २०११ साली केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. आज तशा नकला ढिगाने मिळतात. म्हणजे किंमत वाढली ती, ज्यांनी वापरलं त्यांच्या हातून वस्तू गेल्यावर. आणि त्यानंतर जो बाजारात उतरतो, त्याच्या वाट्याला नक्कल यायचा संभव जास्त.

*प्रश्न: दोन सारखी टेबलं मिळाली नाहीत तर?*

तर दोन वेगळी घ्या. उंची तेवढी सारखी ठेवा. लाकूड, आकार वेगळा असला तरी डोळ्याला खटकत नाही, उंची चुकली की खटकते. आणि एकच मिळालं तरी चालेल. तिपाई एकटीच असायची.